थुमाला डोळे नकोत

“डोळे नसलेल्या जनावराच्या पाठीवर शहाणा माणूस बसणार नाही. तुमच्या नातीनं घोडा घेतला, त्याला दोन पाय जास्तीचे जोडले, डोळे तेवढे काढून टाकले आणि नेऊन ठेवला परग्रहावर. याला कल्पनाशक्ती म्हणत नाहीत भाऊ, मोडतोड म्हणतात.”

हे मत वाशीमच्या आमच्या वाचनालयात रोज सकाळी येणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे आहे. ते मी येथे शब्दशः उतरवून ठेवतो, कारण लेख संपेपर्यंत त्यातला एकही शब्द उभा राहू देण्याचा माझा विचार नाही. मुख्याध्यापक माझे जुने स्नेही. आमचे एकमत अजून कोणत्याच विषयावर झालेले नाही, आणि त्यामुळेच हा स्नेह टिकला आहे. ते फक्त माझ्याशी भांडले असते तर मी लेखणी उचलली नसती. परंतु मला ऐकवण्याआधी हेच मत त्यांनी माझ्या नातीला सांगितले. ती शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेली, आता कारंज्याला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. संध्याकाळच्या फावल्या वेळात तिने एक विज्ञान कादंबरी लिहिली आणि हस्तलिखित आधी गुरुजींना दाखवले, मला नंतर. याबद्दल माझी तक्रार नाही, नोंद आहे. ती कादंबरी महिनाअखेर प्रकाशकाकडे जायची आहे. गुरुजींचा अभिप्राय ऐकल्यापासून, म्हणजे रविवारपासून, ती सुट्टी घेऊन आमच्या मागच्या खोलीत बसली आहे आणि आपल्या जनावराला डोळे बसवते आहे.

काल सकाळी मी त्या खोलीच्या दाराशी दोनदा जाऊन परतलो. काय बोलावे ते ठरत नव्हते. तेवढ्यात खिडकीखालून एक वरात गेली. पुढे बँड, मागे गर्दी, आणि मध्ये नवरदेवाची पांढरी घोडी. अंगावर आरशांची झूल, डोक्यावर कलगी आणि दोन्ही डोळ्यांच्या बाजूंना काळ्या चामड्याची झापडे. तिला मी नीट पाहिलेही नसते. पण वारा आमच्या बाजूचा होता, आणि बँडच्या गोंगाटातून घोड्याच्या घामाचा वास वर आला. चामडे, भिजलेले हरभरे आणि उन्हाने तापलेले गवत यांच्या मिश्रणासारखा काहीसा हा वास ज्याच्या अंगावरच्या कपड्यांत एके काळी वर्षानुवर्षे मुरलेला होता, त्याला तो पुन्हा आला की क्षणभर मांड्यांना खोगीर जाणवते. मी खिडकीचा गज धरून उभा राहिलो. घोडी कोपऱ्यावरून वळली, वास विरून गेला, आणि जी गोष्ट मी पन्नासहून अधिक वर्षे कोणालाही सांगितली नव्हती ती आता सांगावी लागणार हे मला कळून चुकले.

त्या काळी मी मानोऱ्याला गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा मदतनीस, होतो. जिल्हा तेव्हा अकोला. लोक मला डाक्टर म्हणत. मी दुरुस्त करीत नसे. तालुक्यात तांडे पुष्कळ, रस्ते थोडे, आणि होते त्यांतले निम्मे वर्षातले चार महिने चिखलाखाली. घटसर्पाची लस, फऱ्याची लस, अडलेली गाय, पाय मोडलेला बैल, या सगळ्यांसाठी मला माळ आणि नाले ओलांडून जावे लागे, आणि त्यासाठी स्वतःचे वाहन स्वतः पाळावे लागे. माझा पहिला घोडा एक उंच, काळापांढरा अबलख होता. त्याने सापाची कात पाहून मला बाभळीत फेकले. दुसरा वयस्क तट्टू. त्याने काहीच न पाहता फेकले, किंवा पाहिले असेल तर मला सांगितले नाही. माझ्या डाव्या हासळीचे हाड आजही थंडीत त्या दोघांची आठवण करून देते.

आता नातीच्या जनावराबद्दल. तिने त्याचे नाव थुमा ठेवले आहे. ज्या ग्रहावर ते राहते तेथे धूळ कधीच खाली बसत नाही. सूर्य म्हणजे आकाशातला एक तांबूस डाग. अशा जगात डोळ्यांचा उपयोग काय, म्हणून थुमाला ते नाहीतच. त्याला सहा पाय आहेत, तळव्यांना खूर नसून जाड मऊ गाद्या आहेत, आणि त्या गाद्यांतून ते जमिनीचा कंप ऐकते. पाठीवरचा माणूस सतत काही ना काही गुणगुणत राहतो. तो आवाज त्याच्या हाडांतून थुमाच्या पाठीत उतरतो आणि त्यावरून थुमा वाट ओळखते. माणूस गप्प झाला की थुमा जागच्या जागी थांबते. मुख्याध्यापक म्हणतात, हा घोडाच. मी म्हणतो, त्यांनी घोडा पाहिलेलाच नाही. त्यांनी वरात पाहिली आहे. घोडा दुडक्या चालीने निघाला की समोरचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा एक असे दोन पाय एका वेळी उचलतो, आणि दोन पावलांच्या मधल्या एका निमिषात चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. तो निमिष स्वाराच्या कमरेला कळतो. नवख्याला तो दुसऱ्या दिवशीही कळत राहतो. थुमा तीन पाय टेकवून तीन उचलते. ती जमीन कधीच सोडत नाही. तिच्यावर बसणे म्हणजे वाहत्या पाण्यावर बसणे आहे, उसळत्या पाठीवर नव्हे. घोडा माणसासारखा घामेजतो, पोटाला आवळलेल्या तंगाखाली त्याला फेस येतो. थुमाची कातडी कोरडी. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोट फुगले की तो लोळत लोळत मरतो आणि स्टॉकमनला सकाळपर्यंत त्याच्याबरोबर चालत राहावे लागते. थुमा नको ते मीठ चाटून झाले की ओकून मोकळी होते. घोड्याचे सारे मन त्याच्या कानांत असते. थुमाला कान नाहीत, तरी तिचे मन पानोपान कळते. ही माझ्या नातीची करामत आहे आणि हे मी ती नात आहे म्हणून म्हणत नाही.

तिचेही चुकले होते. मी तिला विचारले होते की एवढे मोठे जनावर एवढे खाते, तर त्या ग्रहावर लीद कुठे जाते. तिने दुसऱ्याच दिवशी एक परिच्छेद वाढवला, आणि तो पुस्तकातला एक उत्तम परिच्छेद आहे.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती याहून जुनी आहे. तट्टूने मला पाडल्यानंतर हाड जुळले, तसा मी जनावरांच्या बाजारात गेलो. तेथे एक कुमैत घोडी उभी होती. लालसर तपकिरी अंग, काळी आयाळ, छाती रुंद, पाय सरळ. तिला कोणी गिऱ्हाईक नव्हते. कारण तिच्या उजव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. आमच्याकडे घोडा घेताना आधी भोवरे पाहतात. मानेवर असला तर देवमण, शुभ. डोळ्याखाली, जेथून अश्रू ओघळतात तेथे असला तर आसूढाळ. असे जनावर ज्याच्या दारात बांधावे त्याच्या घरात रडारड होते असा समज. बाजारातल्या चारचौघांनी मला बाजूला घेऊन समजावले. एक म्हातारा शेतकरी तर कळवळून म्हणाला, “डाक्टर, आसूढाळ हाये ते. कायले इकत घेता रडणं?”

एवढे म्हटल्यावर मी ती घोडी न घेणे शक्य नव्हते. मी भर बाजारात व्याख्यान दिले. केसांचा भोवरा हा केसांचा भोवरा असतो, तो गर्भातच ठरतो, त्याचा आणि दाराचा संबंध काय, विज्ञानाच्या युगात आपण कुठे आहोत, इत्यादी. माझे वक्तृत्व त्या वयात चांगले होते. मी तिचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, छातीला कान लावला, पायांवरून हात फिरवला. आणि भोवऱ्यावर बोट ठेवून सर्वांना दाखवला, पहा, याला मी भितो का? व्यापारी माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. एवढ्या लोकांत एक आधुनिक माणूस आपल्याला भेटला याचा त्याला आनंद झाला असावा असे मला तेव्हा वाटले.

घोडी उत्तम निघाली. ती पावले उंच उचलून टाकी. मी सर्वांना सांगत असे की हे काठेवाडी रक्ताचे लक्षण. चालताना तिचा एक कान पुढे आणि एक कायम माझ्याकडे वळलेला. मी म्हणे, हे इमानाचे लक्षण. नव्या जागी गेली की थांबून जमिनीवर नाक फुरफुरवी; मी म्हणे, हे बुद्धीचे लक्षण. डोळ्यांतून पाणी येई, ते मी धुळीवर घातले. लोक त्या पाण्याकडे पाहून भोवऱ्याचे नाव काढत आणि मी तेथल्या तेथे वाद घाली. त्या काळी मी रस्ताभर बोलत असे. एकटाच. दवाखान्यातल्या वरिष्ठांशी, लस टोचून घ्यायला नकार देणाऱ्यांशी, भोवऱ्यावाल्यांशी जे वाद मनासारखे झाले नव्हते ते मी घोडीवर बसून पुन्हा करी आणि प्रत्येक वेळी जिंकी. आवाज चढला की अंग ताठ होई, उतार आला की आपोआप मागे झुके, खडकाळ जागी मी बोलता बोलता दम धरी. हे मी तेव्हा पाहिले नव्हते. कोणीतरी पाहत होते.

मानोऱ्यापासून दोन नाले ओलांडून एका टेकडीच्या कुशीत एक तांडा होता. तेथे एका म्हाताऱ्या बंजारा बाईच्या दोन गाई होत्या, आणि मी गेलो की ती माझ्या आधी माझ्या घोडीला पाणी पाजी. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी गाय तपासून हात धुत होतो. बाईने बादली घोडीपुढे ठेवली आणि हलकेच बोटाने तिच्या काठावर टकटक केले. घोडीने आवाजाच्या दिशेने मान खाली आणली. बाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, “डाक्टरसाब, हिले दिसत नाही न?”

मी हसलो. तिला सांगितले की ही घोडी मला रोज पाच-पाच कोस नेते आणते. ती म्हणाली, “हो न. तुमचं बोलनं आयकून चालून राह्यली ते. तुमी गप झाले का उभी राह्यते. पाह्यलं नाही काय कधी?”

बैलाला दिसते की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. हात एकदम डोळ्यासमोर न्यायचा, मात्र वारा लागू द्यायचा नाही. पापणी लवली तर दृष्टी आहे. ही चाचणी मी शेकडो जनावरांवर केली होती. त्या दिवशी मी ती माझ्या घोडीवर केली. उजवीकडून केली, डावीकडून केली. तिची पापणी हलली नाही. तिने फक्त माझा श्वास ऐकून कान वळवला. त्या स्वच्छ उन्हात मला तिच्या बुबुळांवरची निळसर साय दिसली. ती सहज दिसण्यासारखी होती. बाजारातही थोडी असणारच. सगळा बाजार आणि मी, आम्ही सगळे डोळ्याखालच्या भोवऱ्याकडे पाहत होतो; ते त्याला भिऊन आणि मी त्याला न भिता. त्याच्या दोन बोटे वर असलेला डोळा कोणीच पाहिला नाही. व्यापाऱ्याने तेवढा पाहिला असेल.

मी मागे आठवून पाहिले. एक डोळा घेतानाच गेलेला असावा, दुसरा पहिल्या वर्षातच गेला असला पाहिजे. उंच पाऊल काठेवाडी रक्ताचे नव्हते. खड्डा असेल म्हणून ते उंच उचललेले होते. आणि माझी सारी भांडणे, जी ऐकून घरची माणसे उठून जात, ती या एका जीवाने वाट म्हणून वापरली होती. माझ्या बोलण्याचा एवढा उपयोग त्याआधी कोणी केला नव्हता.

आता कबूल करण्याची गोष्ट. मी हे कोणालाही सांगितले नाही. सांगितले असते तर सारा तालुका म्हणाला असता, पाहा, भोवरा खरा ठरला; आणि त्यापाठोपाठ म्हणाला असता, जनावरांच्या डाक्टरला स्वतःच्या घोडीचा डोळा कळला नाही. पहिले वाक्य खोटे होते, दुसरे खरे होते, आणि मला कोणते अधिक लागले असते हे सांगायला नको. म्हाताऱ्या बाईला मी काही म्हणालो नाही. तिनेही पुन्हा विषय काढला नाही. बादलीवर टकटक मात्र दर वेळी केली. मी पुढेही त्याच घोडीवर बसत राहिलो. फरक एवढाच, की आता मी जाणूनबुजून बोलत असे. वाद संपले की झाडांची नावे घेई, तांड्यांची नावे घेई, नाल्याचे पाणी किती आहे ते सांगे. घरी एक दंतकथा आहे की मोटारसायकल आली तशी मी घोडी विकून टाकली. हेही खोटे. मोटारसायकल आल्यावर घोडी दवाखान्यामागच्या चिंचेखाली निवांत राहिली, म्हातारी झाली, आणि एका सकाळी चंदीचे हरभरे अर्धे खाऊन तेथेच बसली ती उठली नाही. मी तिच्याजवळ बसून बोलत होतो. काय बोलत होतो ते येथे लिहीत नाही.

एवढे सगळे मनात घेऊन काल मी मागच्या खोलीत गेलो. नात संगणकापुढे बसली होती. पडद्यावर तिने नुकतेच लिहिलेले वाक्य होते: थुमाचे विशाल, काळेभोर डोळे धुळीतून चमकले. मी खुर्ची ओढली आणि बाजारापासून चिंचेपर्यंत सारे सांगितले. संपल्यावर तिने विचारले, “आबाजी, हे तुम्ही आधी काहून नाही सांगितलं? मी तर समजून राह्यली होती का हे मीच मनानं रचलं.”

तू मनानेच रचले आहेस, मी म्हणालो. तुला घोडीचे ठाऊक नव्हते. तिने नकारार्थी मान हलवली. म्हणाली की पाठ घुमण्याची कल्पना तिला कुठून आली ते तिला पक्के ठाऊक आहे. लहानपणी मी तिला पाठुंगळी घेऊन वाचनालयात जात असे आणि वाटेत कोणाशी ना कोणाशी माझा वाद चालू असे. “मी तुमच्या पाठीले कान लावून झोपायची. शब्द कळत नव्हते. पाठ घुमायची फक्त. अन् बंद झाली का मले जाग यायची, कारण तुम्ही थांबलेले राहायचे.”

तिने पडद्याकडे वळून ते विशाल, काळेभोर डोळे एका बोटाने पुसून टाकले. मग रविवारपासून बसवलेले बाकीचे डोळेही शोधून शोधून काढले. मी शेजारी बसून मोजत होतो. प्रत्येक डोळा गेला तशी थुमा मला अधिक स्पष्ट दिसू लागली. घोड्याशी तिचे साम्य शोधणारे शोधोत. मी दोन्ही जनावरे जाणतो, एकावर बसून आणि दुसरे वाचून, आणि मला वाटते की नव्या जगासाठी नवे जनावर घडवताना माझ्या नातीने जुन्या घोड्याची मोडतोड केली नाही. कधी कोणी नीट न पाहिलेला घोडा तिने पहिल्यांदा नीट पाहिला. तो धुळीच्या ग्रहावर चालतो आहे, आणि तेथेही कोणीतरी त्याच्या पाठीवर बसून बोलते आहे. हे पुस्तक वाचणारी मुले अजून जन्मायची असतील. त्यांना मानोऱ्याचे नाले ठाऊक नसतील. त्यांचे काही अडणार नाही.

काल संध्याकाळी मुख्याध्यापक घरी आले. मी त्यांना हीच हकीकत ऐकवली; पन्नास वर्षे झाकलेली गोष्ट एका दिवसात दुसऱ्यांदा सांगताना ती बरीच सोपी गेली. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, “घोडी आंधळी होती हे मानलं भाऊ. पण तुम्हाला ठाऊक नव्हतं तोवर तुम्ही बसले. ठाऊक झाल्यावर बसणारा माणूस शहाणा कसा?” नात दारात उभी राहून ऐकत होती. मी भोवऱ्याचे, बादलीचे, काठेवाडी रक्ताचे, विज्ञानाचे कोणतेच मुद्दे काढले नाहीत. शहाणपणाचा निर्णय मी त्यांच्यावर आणि वाचकांवर सोपवतो. मी फक्त घडले ते सांगितले, आणि तेच येथे लिहून थांबतो.

सापाची कातही दिसणाऱ्या डोळस घोड्याने मला पाडले. डोळस तट्टूने पाडले. पुढे दिवा असलेल्या मोटारसायकलने तर दोनदा पाडले. त्या आंधळ्या घोडीवर मी सहा वर्षे बसलो, त्यांतली चार ती आंधळी आहे हे जाणून. तिच्या पाठीवरून मी एकदाही पडलो नाही.